जगातील वक्र खड्गे, मुक्काम हिरडटोला

७ ऑक्टोबर १९५४, गुरुवार. दसरा.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिशा त्यांच्यामागे छापल्या जातात. माझा तसा मुळीच उद्देश नाही. अक्षर मात्र स्वच्छ ठेवणार.

मुख्य बातमी. चांद्याला जिल्ह्याचं म्युझियम निघणार आहे. त्यात शस्त्रांचा विभाग. त्या विभागाला क्युरेटर हवा. उमेदवाराचा विषयाचा अभ्यास असावा, स्वतःचं थोडंफार कलेक्शन असावं आणि अर्जावर शाळांच्या इन्स्पेक्टरसाहेबांची शिफारस असावी. इन्स्पेक्टरसाहेब वार्षिक तपासणीला नोव्हेंबरात इथे येतातच. म्हणजे जागा माझीच. अकरा वर्षं मी, गुणवंतराव निकोडे, या एकमास्तरी शाळेत बाराखडी घोकून घेतो आहे. कुरखेडा इथून आठ मैल, तेही नदीला उतार असेल तर. आता पुरे झालं.

अभ्यास आहेच. पाच वर्षांपूर्वी बाजारात एका गुळाच्या ढेपेखाली मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं. तलवारींवरचं. पुठ्ठा नाही, नाव नाही, पहिली चाळीस पानं घुशींनी खाल्लेली. त्या चाळीस पानांत सरळ तलवारी होत्या. म्हणून मी वक्र तलवारींचा तज्ज्ञ झालो.

कलेक्शन सध्या नाही.

सुगंधाला सांगितलं. तिचं माहेर चांद्याचं, आनंद होईल असं वाटलं होतं. ती पावशीवर, म्हणजे विळीवर, वांगी चिरत होती. म्हणाली, 'हो काय.' एवढंच. संशोधकाला घरातून उत्तेजन मिळत नाही हा जगाचा अनुभव आहे.

८ ऑक्टोबर, पहाटे ५ (प्रत्यक्षात ७.२०)

ग्रंथाचं नाव ठरलं: 'जगातील वक्र खड्गे: एक सप्रमाण विवेचन'. रोज पाच पानं. इन्स्पेक्टरसाहेब येईपर्यंत पावणेदोनशे. छापताना वाढतील.

आज लिहून झालेलं: नाव. अर्पणपत्रिका कोणाच्या नावाने असावी यावर दुपार गेली. शेवटी स्वतःच्या नावाने करू नये एवढं ठरलं.

१० ऑक्टोबर, रविवार

कलेक्शनचा श्रीगणेशा. गावात तलवार एकच, भैयाजींच्या भिंतीवर. भैयाजी म्हणजे गावचे माजी मालगुजार, जमीनदारच म्हणा. मालगुजारी गेली, तलवार राहिली. मखमली म्यान, बाक अप्रतिम. मी दारातूनच ओळखलं: इराणी शमशेर. शमशेर इतकी वाकलेली असते की तिने भोसकणं अवघड. घोड्यावरून जाता जाता ओढून कापायचं. हे सगळं मी भैयाजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, 'असन बा.'

पातं बघू म्हटलं. निघेना. भैयाजींनी म्यान धरलं, मी मूठ धरली, मुखरू कोतवालाने मला कमरेला धरलं. एकदम निघाली. तिघेही पडलो. मुठीला बोटभर गंजका तुकडा आणि त्यापुढे काहीच नाही.

भैयाजी धोतर झटकत म्हणाले की मोठ्या दुष्काळात आज्याने पातं लोहाराकडे दिलं आणि त्याचे तीन इळे, म्हणजे धान कापायचे विळे, करून घेतले. 'तलवारीनं धान कापता येत नाई नं जी.' म्हणजे म्यान रिकामं आहे हे घरात सगळ्यांना माहीत. तरी दर दसऱ्याला पूजा, फूल, नारळ.

पाठ दुखते. आज लेखन नाही.

११ ऑक्टोबर, सकाळी, अंथरुणातून

युगप्रवर्तक विचार सुचला आहे. पालथा पडून लिहितो.

तीन इळे! म्हणजे शमशेर नष्ट झालेली नाही. ती याच गावात कोणाच्या तरी कुडाला खोचलेली आहे.

आणि पुढे. पान ५२: जुन्या इजिप्तची खोपेश, आकाराने विळ्यासारखी. पान ५७: हबसाणची, म्हणजे अॅबिसिनियाची, शोतेल, ती तर उघड उघड विळाच, ढालीला वळसा घालून पलीकडच्या माणसाला गाठते. पान ६१: तुर्कांची यातागान, धार आतल्या अंगाला, विळ्यासारखीच. म्हणजे जगातली प्रत्येक वाकडी तलवार इळ्यातून निघाली आणि हिरडटोल्यात येऊन पुन्हा इळा झाली. हा सिद्धांत माझ्याआधी कोणाला सुचला असल्यास तो पहिल्या चाळीस पानांत असणार.

आता ते तीन इळे ओळखायचे कसे? पाण्यावरून. उंची पोलादावर लाटांसारखी बारीक नक्षी असते, तिला तलवारीचं पाणी म्हणतात. ज्या इळ्याला पाणी दिसेल तो शमशेरीचा.

१२ ऑक्टोबर

मुखरूला दवंडीचा मजकूर दिला: 'प्रत्येकाने आपला इळा शाळेत जमा करावा. गुरुजी प्रत्येक इळ्याचे पाणी पाहतील व मग परत करतील.' मुखरूला वाचता येत नाही, म्हणून तीनदा म्हणून घेतलं. मान हलवत गेला. नंतर गावातून डफडं ऐकू आलं, शब्द ऐकू आले नाहीत.

विषय जड आहे. पाच-सहा इळे आले तरी खूप झालं.

१४ ऑक्टोबर, दुपारी २

त्रेसष्ट!

उजाडल्यापासून शाळेपुढे रांग. अख्खं गाव लोटलं. पलीकडच्या पाड्यावरून बुधरी आली. एकटी बाई, नदीच्या अंगाला दोन बांध्या धान लावते. बुधरी सगळ्यांनाच 'तू' म्हणते, कलेक्टर आला तरी म्हणेल. तिने इळा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, 'चांगलं पानी दे बरं.'

सगळे तेच म्हणत होते. 'पानी द्या जी', 'पक्कं पानी द्या जी गुर्जी.' इकडच्या बोलीत 'पाहणे' या क्रियापदाला 'देणे' म्हणत असावेत. वेगळी टीप करून ठेवली आहे. पुढेमागे भाषाशास्त्रावरही लिहिता येईल.

एका म्हातारीने पायाला हात लावला. रिसर्चची एवढी कदर नागपुरातसुद्धा नसेल. डोळे भरून आले.

१५ ऑक्टोबर

लटारू लोहार दारात येऊन उभा राहिला. इळ्यांच्या ढिगाकडे बघत होता. म्हणाला, 'तुमी पानी देनार?' मी म्हणालो, मीच, आणि फार नाजूक काम आहे. त्याने विचारलं, 'कशात?' मी म्हणालो, शास्त्रात. ढिगातला एक इळा उचलून बघितला, ठेवला आणि गेला.

हेवा. दुसरं काय.

१८ ऑक्टोबर, सोमवार

मोजमाप सुरू. कंपासपेटीतल्या कोनमापकाने प्रत्येक इळ्याचा बाक मोजतो. लाकडी मुठी मध्ये येतात, कोन चुकतो. त्यामुळे सगळ्या मुठी ठोकून काढल्या आणि पोत्यात भरल्या. त्यांवर क्रमांक घालायचे राहिले. सावकाश घालता येतील.

बाकावरून वर्गवारी केली. चिठ्ठ्या भाताच्या खळीने चिकटवल्या. क्र. ७: शोतेल, हबसाण. क्र. १९: किलिज, तुर्कस्थान (टोकाकडे रुंद). क्र. ३१: खुकरी, नेपाळ. क्र. ४०: सैफ, अरबस्तान. क्र. ४४: कताना, जपान (बराच सरळ, बैलगाडीखाली आला असावा). क्र. १२ म्हणजे बुधरीचा इळा. त्याचा बाक बघून मी उठून उभाच राहिलो. शमशेर! तीनपैकी एक नक्की.

एकंदर नऊ देश. फक्त यातागानचा चांगला नमुना कमी पडत होता. घरातली पावशी घेतली.

१९ ऑक्टोबर

सुगंधाने विचारलं, 'माही पावशी कुठी गेली?' मी म्हणालो, तुर्कस्थानात. तिने आज अख्खा भोपळा उकडून ताटात ठेवला. खाल्ला.

२१ ऑक्टोबर

पाणी दिसत नाही. सगळी पाती घासली, उन्हात धरली, तिरपी धरली. गंज दिसतो.

पान ६८ वर उपाय आहे. सौम्य अॅसिड लावलं की नक्षी वर येते. इथे अॅसिड कुठलं, पण चिंच आहे. शाळेच्या रांजणात चिंचेचा दाट कोळ करून सर्व पाती एकदम बुडवली. किती वेळ ठेवायची ते सांगणारा कोपरा फाटला आहे. कमी ठेवण्यापेक्षा जास्त बरं. दिवाळीपर्यंत ठेवतो.

बुडवल्यावर लक्षात आलं की चिठ्ठ्या आधी काढायला हव्या होत्या. नऊही देश आता एका रांजणात आहेत. हरकत नाही, मला पाठ आहेत.

२४ ऑक्टोबर, रविवार

बुधरी आली. विचारलं, 'पानी चढलं?' मी म्हणालो, चढेल, घाई करू नये, जातिवंत पाणी हळूहळूच वर येतं. ती म्हणाली, 'धान पिकून राह्यलं.' मी म्हणालो, छान. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग गोंडीत काहीतरी म्हणाली. मुखरू तिथेच होता, त्याला अर्थ विचारला. तो म्हणाला, 'जाऊ द्या जी.'

२६ ऑक्टोबर. दिवाळी.

ग्रंथाची एकूण पानं: चार. त्यांपैकी एक अनुक्रमणिका, पण ती संपूर्ण आहे.

रांजण उघडला नाही. सणासुदीला अॅसिड बघू नये.

३० ऑक्टोबर, शनिवार

पत्र आलं! इन्स्पेक्टरसाहेब शुक्रवारी, १२ नोव्हेंबरला येणार. अजून तेरा दिवस. प्लॅन: शाळेच्या भिंतीवर त्रेसष्ट पाती देशवार टांगायची. खाली ठळक अक्षरांत नावं. साहेब आत आले की मी चाळीस मिनिटांचं लेक्चर देईन. शेवटी बुधरीची शमशेर त्यांच्या हातात. ते थक्क होतील. तिथेच अर्ज पुढे करायचा.

हे लिहीत असताना बाहेर सात-आठ माणसं येऊन बसली. हलकं, लवकर येणारं धान पिकलं आहे, इळे कधी मिळतील? मी म्हणालो, बारा तारखेनंतर. गलका झाला. मी त्यांना समजावलं की शमशेर शेकडो वर्षं थांबली, धान तेरा दिवस थांबू शकत नाही का? माणसं उठून गेली. पटलं असावं.

१ नोव्हेंबर, सोमवार

बुधरी सकाळपासून शाळेच्या ओसरीवर बसून आहे. तिच्या बांध्यांत रानडुकरं येऊन गेली. धान आडवं पडायला लागलं. पोपट तर दिवसभर. हे मला तिने अगदी शांतपणे सांगितलं. अशी शांत माणसं मला आवडत नाहीत. आपणच काहीतरी केलं आहे असं वाटू लागतं.

तिचं मन वळावं म्हणून मी तिला शोतेलची गोष्ट सांगितली. हबसाणच्या शिपायासमोर शत्रू ढाल धरून उभा असतो, शोतेल त्या ढालीला वळसा घालते आणि मागच्या माणसाला कापते. हातवारे करून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, 'धानाले ढाल नसते.'

चिठ्ठीवर तुझं नाव घालतो म्हटलं, 'बुधरी यांच्या सौजन्याने.' तिला अप्रूप वाटलं नाही. 'माहा इळा दे,' म्हणाली. दुपारपर्यंत नऊ वेळा म्हणाली. दहाव्या वेळी मला उठून मागच्या दाराने जावं लागलं. काम होतं.

३ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी ३

गैरसमज झाला आहे. माझा नव्हे, गावाचा.

आज सगळे एकदम आले. भैयाजी पुढे. म्हणाले, इळ्याले पानी देऊन झालं असन तर द्या, नसन झालं तर तसेच द्या. मी म्हणालो, पाणी देणं म्हणजे? ते म्हणाले, 'म्हंजे पानी! तपवून पान्यात बुचकळून, धार पक्की करून. मुखऱ्यानं तशीच तं दवंडी देल्ली. गुर्जी सरकारकडून समद्यायच्या इळ्याले पानी देनार हायेत, फुकटात.'

मुखरूकडे बघितलं. तो म्हणाला, 'इळ्याचं पानी कोनी पाहाते का जी? इळ्याले पानी देतेत. तुमी बोलनं चुकले असान म्हनून मी दुरुस्त केलं.'

म्हणजे ती म्हातारी रिसर्चच्या पाया पडली नव्हती.

शास्त्रीय शब्दाचा असा अनर्थ होणं ही ग्रामीण भागातील संशोधनापुढची मोठी अडचण आहे. प्रस्तावनेत घेणार.

मग त्यांनी रांजण उघडला. वास आला. पाती काळी, खरबरीत, धारेच्या जागी नुसती कड. बुधरीने एक उचललं आणि अंगणातल्या गवताच्या काडीवर ओढलं. काडी वाकली, पुन्हा उभी राहिली. सगळे त्या काडीकडे बघत राहिले. मीही.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

तेवढ्यात लटारू आला. रांजणात डोकावला आणि जो हसायला लागला तो खालीच बसला.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी ५

लटारूशी बोलणं झालं. तो सगळे इळे पुन्हा तापवून, ठोकून, पाणी देऊन देईल. अट एकच. भाता ओढायला मी. त्याची बायको रुखमा ओढते, पण तिचा हात सुजला आहे.

मी म्हणालो, मी मास्तर आहे. लटारू म्हणाला, 'म्हनूनच. दवंडी तुमचीच होती.'

विचार केला. लोहविद्येचं प्रत्यक्ष निरीक्षण ग्रंथाला उपयोगीच. होकार दिला. बारा तारखेआधी संपवायचं, इळे दोन तास मागून घ्यायचे, भिंतीवर टांगायचे. प्लॅन कायम आहे.

४ नोव्हेंबर

मुठींचं पोतं अंगणात ओतलं. त्रेसष्ट मुठी, क्रमांक नाहीत. मला वाटलं, महिना जाईल. बायका आल्या, एकेक मूठ हातात घेतली, टाकली, घेतली, ठेवली. अर्ध्या तासात प्रत्येकीने आपली ओळखली. काही जणी तर बघतही नव्हत्या, एकमेकींशी बोलत होत्या. पद्धत संपूर्ण अशास्त्रीय.

आता मूठ पात्याला लावून बघायची आणि बसली की पातंही तिचंच. त्यांनी तेही केलं. मी कोनमापक खिशात ठेवला.

पहिला इळा बुधरीचा. दुपारपर्यंत तयार झाला. तिने अंगठ्याने धार बघितली आणि निघाली. आभार वगैरे काही नाही. धावत गेली.

६ नोव्हेंबर, शनिवार

हात वर जात नाहीत. सुगंधाने तेल लावलं. लावताना हसली असावी, माझी पाठ तिच्याकडे होती.

भाता म्हणजे कातड्याची पिशवी. ओढायची, सोडायची. जोरात ओढली तर लटारू ओरडतो, हळू ओढली तर जास्त ओरडतो. लोखंड जांभळासारखं होतं, मग पळसाच्या फुलासारखं. त्या क्षणी तो ते पाण्यात घालतो. चर्र होतं. बाहेर काढतो तेव्हा पातं केसभर वाकलेलं असतं. मी म्हणालो, अरे, हे वाकलं. तो म्हणाला, 'पान्यात वाकतेच. त्याच्यापाई पह्यलेच थोडं सरळ ठेवावं लागते.'

घरी येऊन पान ७३ काढलं. जपानी कताना. तिचा बाक ठोकून येत नाही, तापलेलं पातं पाण्यात घातल्यावर येतो. हे मी पाच वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि कारागिरांची बाब म्हणून सोडून दिलं होतं. लटारूला सांगितलं की जपानातही असंच करतात. म्हणाला, 'करनारच. दुसरं कसं करतीन?'

८ नोव्हेंबर

लटारूला शमशेरीचे तीन इळे विचारले. तुझ्याच आज्याने केले, तुला ओळखता येतील. कोणते?

तो म्हणाला, 'ते कुठी राह्यले जी. इळा झिजते. वीस सालात पातं बोटाएवढं होते, मंग त्याचा खिळा करतेत. तलवार टांगून ठेवली तं राह्यते. इळा राहात नाई.'

म्हणजे शमशेर धान कापता कापता संपली. मी जे त्रेसष्ट इळे मोजले ते लटारूने आणि त्याच्या बापाने, रेल्वेच्या लोखंडातून आणि गाडीच्या चाकाच्या धावेतून केलेले. बुधरीचासुद्धा.

सिद्धांताला बाधा येत नाही. फक्त पुरावा नाही.

११ नोव्हेंबर, गुरुवार

चोपन्न झाले. नऊ उरले. उद्या सकाळी लवकर पाच करायचे, आंघोळ, कोट, साहेब अकराला. इळे मात्र कोणी द्यायला तयार नाही. सगळे बांध्यांत आहेत. नाइलाजाने भिंतीवर चित्रं लावणार. चार काढली. खुकरी चांगली आली आहे, बाकीच्या केळ्यांसारख्या दिसतात.

ग्रंथ: अकरा पानं. अर्जाला जोडली.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ४

विजय!

क्रमाने लिहितो. साहेब अकराऐवजी साडेआठला आले. लोहारशाळा गावाच्या तोंडाशीच, त्यामुळे त्यांची बैलांची दमणी तिथेच थांबली. मी भात्यावर. उघडा, तोंड काळं, धोतर वर खोचलेलं. शाळेची सगळी पोरं भोवती उभी, कारण शाळेत मास्तर नव्हता.

साहेबांनी विचारलं, मास्तर कुठे आहेत? पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठणार तोच लटारू ओरडला, 'भाता सोडू नोका, लोखंड थंडं होईन!' नाही सोडला. चाळीस मिनिटांचं लेक्चर तिथेच सुरू करायचा प्रयत्न केला, पण श्वास पुरेना. 'शम' म्हणालो की ओढायचं, 'शेर' म्हणालो की सोडायचं. साहेब म्हणाले, बोलू नका, काम चालू द्या. रुमाल काढून चष्मा पुसला. भारावले होते.

त्यांनी लटारूला विचारलं, मास्तर काय करतात? लटारू म्हणाला, 'पानी शिकून राह्यले जी.'

मग शाळेत येऊन शेरेबुकात लिहिलं. नक्कल करतो: 'पुस्तकी शिक्षणाला श्रमाची जोड देण्याविषयी सर्वत्र केवळ भाषणे होतात. श्री. निकोडे यांनी ते स्वतः घाम गाळून करून दाखविले. सुगीच्या दिवसांत गावकऱ्यांची अवजारे दुरुस्त करून देणारा शिक्षक मी प्रथमच पाहिला.'

चित्रांकडे बघून म्हणाले, केळीची लागवडही शिकवता वाटतं. मी नाही म्हणालो नाही. अर्ज दिला. तो वाचण्याआधीच माझा काळा हात धरून म्हणाले, तुमच्याविषयी मी वर जोरदार लिहिणार आहे.

जागा मिळाली असंच समजायचं. सुगंधाला सांगितलं. म्हणाली, 'खरंच काय?' मग उगाच पदराने हात पुसत राहिली. कोरडेच होते.

२० नोव्हेंबर

पत्र नाही. कुरखेड्याचं टपाल उशिरा येतं.

भारी धानाचीही कापणी जोरात. शाळेत तीन मुलं. लेखन: नाही, हात अजून दुखतो. चांद्याला टेबल-खुर्ची मिळाली की रोज पाच पानं.

२९ नोव्हेंबर, सोमवार

पत्र आलं.

क्युरेटरची जागा दुसऱ्या उमेदवाराला. माझ्याविषयी साहेबांनी खरोखरच जोरदार लिहिलं आहे. असा कष्टाळू शिक्षक शस्त्रांच्या विभागात धूळ झटकायला पाठवणं म्हणजे हिरडटोल्यावर अन्याय होईल, असं लिहिलं आहे. तरी श्री. निकोडे यांची पुढील पाच वर्षे बदली होऊ नये. मंजूर.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. लटारू येऊन म्हणाला, बेस झालं, रुखमाचा हात काई सुधरत नाई. भैयाजींनी पेढे नव्हते म्हणून गूळ दिला. रस्त्याने बुधरी डोक्यावर धानाचा भारा घेऊन चालली होती. पीक अर्धंच वाचलं म्हणाली. थांबली नाही.

घरी येऊन सुगंधाला पत्र वाचून दाखवलं. मी म्हणालो, वर अपील करतो, सिद्धांत अजून कोणी खोडलेला नाही. ती उठून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मीही गेलो.

ती ट्रंकेपुढे बसली होती. ट्रंक भरलेली. चांगली लुगडी तळाशी. पितळी डबे एकेक चिंधीत गुंडाळलेले. देवांची लाकडी पेटी. चुलतसासूने दिलेलं गंगाळ गोणपाटात शिवून टाकलेलं. मी विचारलं, हे केव्हा बांधलंस? म्हणाली, 'दसऱ्यापासून. रोज थोडं थोडं.'

मला वाटत होतं, माझ्या ग्रंथावर या गावात कोणाचाच विश्वास नाही.

ती चिंध्या सोडून डबे काढत होती. मी ते एकेक करून फळीवर लावले. उंची चुकली की ती हात लावून सारखे करत होती.